बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत हे कोणी आणि केव्हा ठरवले?

नगरकरीण

नमस्कार. माझे माहेर नगरचे आणि प्रॉटेस्टंट, तर सासर वसईचे आणि कॅथलिक. गेल्या महिन्यात माझ्या आजेसासूबाई वारल्या. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, जे पहिले वाचन झाले, त्यात नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत आणि त्यांना कोणतीही यातना शिवणार नाही, अशा अर्थाचे वचन होते. ते ऐकून मला फार धीर आला. घरी आल्यावर लग्नात आईने दिलेले माझे बायबल काढून मी ते वचन शोधायला बसले. स्तोत्रसंहिता पाहिली, नीतिसूत्रे पाहिली, ईयोब पाहिला, पण वचन सापडेना. शेवटी नणंदेने सांगितले की ते ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातले पहिलेच वचन आहे आणि हा ग्रंथ तुमच्या बायबलमध्ये नसतोच.

मग आम्ही दोघींनी दोन्ही बायबले शेजारी ठेवून अनुक्रमणिका मोजल्या. माझ्या प्रतीत ६६ पुस्तके आहेत आणि सासरच्या प्रतीत ७३. नवा करार दोन्हींत सारखाच, २७ पुस्तकांचा; फरक आहे तो सगळा जुन्या करारात. आमच्या एका नातेवाइकांचे ठाम मत असे की इ. स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने निकेया येथे सगळ्या बिशपांना बोलावून मतदान घेतले, हवी ती पुस्तके ठेवली आणि नको ती जाळली. हे खरे आहे का? आणि खरे नसेल, तर ही यादी झाली तरी कशी, आणि माझ्या प्रतीतली सात पुस्तके गेली कुठे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पोथीवाचक

नगरकरीण ताई, आजेसासूबाईंच्या निधनाचे वाचून वाईट वाटले. प्रश्न मोठा आहे, म्हणून मी नव्या करारापुरते लिहितो. जुन्या कराराविषयी येथील वसईकर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहू शकतील.

निकेयाची गोष्ट आधी बाजूला काढू, कारण ती मनात राहिली की पुढचे काहीच नीट दिसत नाही. त्या परिषदेपुढचा मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीचा होता: पुत्र हा पित्यासारखाच अनादी आहे की पित्याने निर्माण केलेला आहे? त्याखेरीज ईस्टर सर्वत्र एकाच दिवशी कसा पाळावा आणि इजिप्तमधल्या मेलितियसच्या फुटीर पक्षाचे काय करावे, हेही प्रश्न होते. परिषदेने केलेले वीस नियम आज आपल्याला उपलब्ध आहेत आणि त्यांतला एकही ग्रंथांच्या यादीविषयी नाही. मग ही गोष्ट निघाली कोठून? नवव्या शतकाच्या सुमारास तयार झालेल्या एका ग्रीक संकलनात अशी कथा येते की निकेयाच्या बिशपांनी सारे ग्रंथ वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, तेव्हा खरे ग्रंथ वर राहिले आणि खोटे खाली गेले. परिषदेनंतर पाच शतकांहून अधिक काळ लोटल्यावर लिहिलेली ही चमत्कारकथा १६०१ मध्ये छापली गेली, अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने ती टिंगलीसाठी उचलली आणि पुढे पुढे चमत्काराच्या जागी मतदान आले. आपल्या नातेवाइकांपर्यंत पोचले ते हेच.

आता खरे काय घडले त्याकडे वळू. माझे मत असे झाले आहे की ‘पुस्तके कोणी निवडली’ या प्रश्नाने सुरुवात केली की आपण चुकीच्या दारावर जातो. ‘रविवारी मंडळीपुढे, म्हणजे जमलेल्या ख्रिस्ती समाजापुढे, मोठ्याने काय वाचले जात होते’ असे विचारले की दार उघडते. ख्रिस्ती मंडळ्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती आणि ग्रंथ त्यांच्यापर्यंत कानांनी पोचत होता. नव्या करारातले सर्वांत जुने लिखाण म्हणजे प्रेषित पौलाने मंडळ्यांना धाडलेली पत्रे, आणि त्यांतही थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र साधारण इ. स. ५० च्या सुमारास लिहिलेले. म्हणजे येशूचे जीवन सांगणारी चारही शुभवर्तमाने त्याच्या नंतरची. त्या पत्राच्या अखेरीस पौल बजावतो की हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवावे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की हे तुमच्याकडे वाचून झाले की लावदिकीयाच्या मंडळीत वाचले जाईल असे करा आणि त्यांच्याकडचे पत्र तुम्ही वाचा. या एका वाक्यात सगळी यंत्रणा दिसते. पत्र येते, वाचले जाते, त्याची नक्कल होते, ते शेजारच्या गावी जाते आणि हळूहळू प्रत्येक मंडळीजवळ पत्रांचा एक गठ्ठा तयार होतो.

साधारण इ. स. १५० मध्ये रोमला राहणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन आपल्या समाजाच्या रविवारच्या सभेचे वर्णन करतो. तो लिहितो की प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणे वेळ पुरेल तितकी वाचली जातात. प्रेषितांच्या आठवणी म्हणजे शुभवर्तमाने. ‘वेळ पुरेल तितकी’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात, कारण तेथे नियम नाही, वहिवाट आहे. शुभवर्तमाने संदेष्ट्यांच्या मांडीला मांडी लावून बसली आहेत आणि त्यासाठी कोणी ठराव केलेला नाही.

यादी करण्याची पहिली गरज भासली ती एका वेगळ्याच माणसामुळे. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा मार्सियन रोमला आला, त्याने मंडळीला दोन लाख सेस्तर्स एवढी मोठी देणगी दिली, आणि इ. स. १४४ च्या सुमारास मतभेद विकोपाला गेल्यावर मंडळीने ती रक्कम त्याला परत करून त्याला बाहेर काढले. त्याचे म्हणणे असे होते की जुन्या करारातला देव आणि येशूचा पिता हे एक नव्हेत. म्हणून त्याने जुना करार पूर्ण टाकला आणि काटछाट केलेले लूकचे शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे एवढाच संग्रह प्रमाण मानला. ‘एवढेच आणि याबाहेर काही नाही’ अशी बंदिस्त यादी आपल्याला माहीत असलेल्या ख्रिस्ती इतिहासात पहिल्यांदा दिसते ती ही. मग इतरांना सांगावे लागले की आमचे काय आहे. इ. स. १८० च्या सुमारास ल्योंचा बिशप इरेनियस लिहितो की जगाच्या दिशा चार, वारे चार, तशी शुभवर्तमानेही चारच. आज हा युक्तिवाद आपल्याला पटणार नाही, पण त्यामागची वस्तुस्थिती महत्त्वाची आहे: चार शुभवर्तमाने तोवर इतकी रुजली होती की ती चारच का, याचे कारण मागाहून शोधावे लागले.

सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी यादी मिलानच्या ग्रंथालयात सापडली आणि मुरातोरी या विद्वानाने ती १७४० मध्ये प्रसिद्ध केली. हस्तलिखित सातव्या-आठव्या शतकातले, लॅटिन अशुद्ध, सुरुवात तुटलेली, अवघ्या ८५ ओळी. मूळ मजकूर दुसऱ्या शतकाच्या अखेरचा असावा असे अनेक अभ्यासक मानतात, तर काही जण तो चौथ्या शतकापर्यंत खाली ओढतात. तिच्यात चार शुभवर्तमाने, प्रेषितांची कृत्ये आणि पौलाची तेरा पत्रे आहेत. इब्री लोकांस पत्र नाही, याकोबाचे नाही, पेत्राची दोन्ही नाहीत. उलट पेत्राच्या नावाने चालणारे एक प्रकटीकरण आहे आणि त्यावर शेरा आहे की आमच्यातल्या काहींना ते मंडळीत वाचलेले चालत नाही. ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाविषयी म्हटले आहे की तो आपल्याच काळात लिहिला गेला, तेव्हा खुशाल वाचावा, मात्र मंडळीपुढे जाहीरपणे वाचू नये. पौलाच्या नावावर खपवलेल्या दोन पत्रांविषयी एकच वाक्य आहे: मधात पित्त कालवणे योग्य नव्हे. ही भाषा कायद्याची नाही. कोणी जबाबदार माणूस आपल्या माणसांना सांगतो आहे की काय मोठ्याने वाचायचे, काय घरी वाचायचे आणि काय हाती धरायचेच नाही.

ग्रंथ कोणते हे जिवावर बेतण्याइतके निकडीचे झाले ते इ. स. ३०३ मध्ये. सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती ग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेतील सिर्ता, म्हणजे आजच्या अल्जीरियातले कॉन्स्टँटाइन शहर, येथे १९ मे ३०३ रोजी झालेल्या झडतीचे सरकारी टिपण आज वाचता येते. अधिकारी प्रार्थनाघरात येतो. सोन्याचे दोन पेले, चांदीचे सहा, बायकांचे ८२ अंगरखे, अशी जिनगीची नोंद होते. ग्रंथांची कपाटे रिकामी निघतात. एक साहाय्यक एकच, पण फार मोठी पोथी आणून देतो. अधिकारी विचारतो, एकच का? उत्तर मिळते की बाकीच्या वाचकांच्या घरी आहेत. वाचक म्हणजे मंडळीपुढे शास्त्र वाचणारे लोक. मग झडती दारोदार फिरते. कोणाकडे चार पोथ्या निघतात, कोणाकडे पाच, कोणाकडे आठ. एका व्याकरणशिक्षकाच्या घरी दोन पोथ्या आणि काही सुटे जुडगे मिळतात. तुझ्याकडे याहून जास्त होते असे अधिकारी म्हणतो, तेव्हा तो सांगतो की असते तर दिले असते. एक घरधनी घरी नसतो, तर त्याची बायको सहा पोथ्या आणून ठेवते. हे टिपण वाचताना मला ‘बायबल’ नावाचे एक जाडजूड पुस्तक डोळ्यांसमोरून पार निघून गेल्यासारखे वाटते. एका गावाचे शास्त्र सात-आठ घरांत विखुरलेले होते. शिपाई दारात आल्यावर कोणती पोथी देता येईल आणि कोणती प्राण गेला तरी देता येणार नाही, हे त्या वाचकांना त्या क्षणी ठरवावे लागत होते. ज्यांनी पवित्र ग्रंथ दिले, त्यांच्यावरचा ठपका आफ्रिकेतल्या मंडळीत पुढे शंभर वर्षे वाद पेटवत राहिला.

छळ थांबल्यावर कैसरियाचा बिशप युसेबियस याने कोठे काय मान्य आहे याचा आढावा लिहिला. त्याने तीन गट केले: सर्वमान्य, वादग्रस्त आणि अप्रमाण. याकोब, यहूदा, पेत्राचे दुसरे आणि योहानाचे दुसरे व तिसरे पत्र वादग्रस्तांत आहेत. योहानाचे प्रकटीकरण मात्र त्याने ‘योग्य वाटल्यास’ अशी पुस्ती जोडून सर्वमान्यांतही घातले आहे आणि अप्रमाणांतही. त्याच्याइतका वाचलेला माणूस इतका अडखळतो, यावरून त्या काळची खरी स्थिती कळते. कॉन्स्टंटाइनचा संबंध येथे एकदाच येतो. साधारण ३३१ मध्ये त्याने नव्या राजधानीतील मंडळ्यांसाठी उत्तम चर्मपत्रावर पन्नास प्रती लिहवून पाठवाव्यात आणि त्या आणण्यासाठी दोन सरकारी गाड्या वापराव्यात, असे याच युसेबियसला कळवले. त्या प्रतींत कोणती पुस्तके असावीत हे त्या पत्रात नाही.

आपल्या हातातली २७ पुस्तकांची नेमकी यादी पहिल्यांदा दिसते ती ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ईस्टरची तारीख कळवण्यासाठी दरवर्षी धाडल्या जाणाऱ्या पत्रात. त्यानंतर आफ्रिकेतल्या हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) येथील धर्मसभांनी तीच २७ नावे घेतली. त्यांचा ठराव कसा आहे पाहा: प्रमाण शास्त्राव्यतिरिक्त दुसरे काही ‘पवित्र शास्त्र’ या नावाने मंडळीत वाचले जाऊ नये. पुन्हा तोच शब्द, ‘वाचणे’. शिवाय समुद्रापलीकडच्या मंडळीला, म्हणजे रोमला, विचारून हे पक्के करावे अशी जोड आहे आणि हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी त्यांची चरित्रे वाचण्याची मुभाही आहे.

जाता जाता एक शब्द. अशा प्रमाण यादीला ग्रीकमध्ये ‘कानोन’ म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ मोजायची काठी, आपला गज. हाच शब्द अरबीत ‘कानून’ झाला आणि फारसीच्या वाटेने आपल्या ‘कायदेकानून’मध्ये येऊन बसला.

शोधयात्री

पोथीवाचक यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यातून असे चित्र उभे राहते की सगळे आपसूक, वहिवाटीने घडले. मला ते अपुरे वाटते. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ एका रांजणात बारा-तेरा पोथ्या सापडल्या. त्यांत येशूची ११४ वचने असलेले थोमाचे शुभवर्तमान आहे. कोणाला तरी ती पुरून ठेवावी लागली, याचा अर्थ काय? सीरियात तात्यान याने चार शुभवर्तमाने गुंफून एक सलग शुभवर्तमान केले होते आणि तेथील मंडळ्या ते पिढ्यानपिढ्या वाचत होत्या. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाचा बिशप स्वतःच लिहितो की आपल्या भागातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून आपण बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने ठेवली. त्या मंडळ्यांची वहिवाट कोणी विचारात घेतली? बिशपच्या हाती अधिकार होता आणि त्याने तो वापरला. हे स्पष्टपणे नोंदवले गेले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

पोथीवाचक

शोधयात्री, आपला आक्षेप योग्य आहे आणि थिओडोरेटचे उदाहरण तर नेमके आहे. तेथे वहिवाट हरली आणि अधिकार जिंकला, हे मला मान्य करावेच लागेल. नाग हम्मादीच्या पोथ्या कोणी आणि का ठेवल्या याबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही, त्यामुळे त्यांच्यावर मी फार भार टाकणार नाही.

तरीही अधिकार कसा चालत असे याचे एक उदाहरण मला द्यावेसे वाटते, कारण ते आपल्या आणि माझ्या म्हणण्याच्या मधोमध पडते. इ. स. २०० च्या आसपास अंत्युखियाचा बिशप सेरापियन ऱ्होसस नावाच्या गावी गेला. तेथील लोक पेत्राच्या नावाचे एक शुभवर्तमान वाचत होते आणि त्यावरून कुरबुर चालू होती. सेरापियनने ते उघडूनही पाहिले नाही. भांडण एवढ्यावरूनच असेल तर वाचा, असे सांगून तो निघून आला. पुढे त्याच्या कानावर आले की त्या ग्रंथाआडून येशूला खरे मानवी शरीरच नव्हते असा विचार पसरतो आहे. मग त्याने तो ग्रंथ मिळवून वाचून काढला आणि मंडळीला पत्र लिहिले की यातील बहुतेक शिकवण योग्य आहे, पण काही भाग जोडलेला आहे, तो तुमच्यासाठी काढून दाखवतो. म्हणजे बिशपने परवानगी दिली, चूक लक्षात येताच ती मागे घेतली आणि कारणेही दिली. प्रेषितांच्या काळाशी ग्रंथाचा संबंध आहे का, त्यातली शिकवण मंडळीला मिळालेल्या शिकवणीशी जुळते का आणि दूरदूरच्या मंडळ्याही तो वाचतात का, या तीन गोष्टी अशा पत्रांतून वारंवार तपासलेल्या दिसतात.

आणि आपण म्हणता तसे सगळीकडे एकच उत्तर निघालेही नाही. सीरियाक भाषेतल्या ‘पेशित्ता’ या बायबलच्या नव्या करारात मुळात बावीसच पुस्तके होती. पेत्राचे दुसरे, योहानाचे दुसरे व तिसरे, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण त्यात नव्हते. केरळातील सीरियन ख्रिस्ती समाजाची परंपरा याच बायबलची आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळी प्रकटीकरण प्रमाण मानते, पण आजही उपासनेच्या नेमलेल्या वाचनांत ते येत नाही. सिनाय पर्वताच्या मठात जपलेल्या चौथ्या शतकातल्या मोठ्या हस्तलिखितात नव्या कराराच्या २७ पुस्तकांनंतर बर्णबाचे पत्र आणि हर्मासचा मेंढपाळ ही दोन्ही आहेत. लिहिणाऱ्याने मध्ये कोणतीही भिंत घातलेली नाही.

वसईकर

नगरकरीण, तुमच्या हरवलेल्या सात पुस्तकांकडे आता येतो. आमच्याकडे अंत्यविधीच्या मिस्साला ज्ञानग्रंथातले ते वाचन मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, त्यामुळे तुम्ही ते शोधत बसलात हे वाचून मन भरून आले.

येशूच्या आधी सुमारे अडीच शतके अलेक्झांड्रियातल्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांसाठी इब्री (हिब्रू) शास्त्राचे ग्रीक भाषांतर सुरू झाले. पुढे त्या भाषांतराच्या सोबतीने काही इतर ग्रंथही वाचले जाऊ लागले. टोबित, युदिथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके ही ती सात. यांतली काही मुळात इब्री किंवा अरामी होती, पण तुमचा ज्ञानग्रंथ थेट ग्रीकमध्येच लिहिला गेला. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या ग्रीक बोलणाऱ्या असल्याने त्यांनी हाच ग्रीक संग्रह उचलला. यहुदी समाजाने मात्र इब्री ग्रंथच प्रमाण धरले. त्यांची संख्या ते २४ सांगतात आणि प्रॉटेस्टंट बायबलात तेच ग्रंथ ३९ भरतात, कारण बारा लहान संदेष्टे त्यांच्याकडे एक पुस्तक आहेत आणि शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग झालेले नाहीत आणि एज्रा व नहेम्या मिळून एकच पुस्तक आहे.

हा फरक पहिल्यांदा ठणकावून मांडला तो चौथ्या शतकातला विद्वान जेरोम याने. पोप दमासस यांनी ३८२ मध्ये त्याला शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर सुधारायला सांगितले. पुढे बेथलेहेमला राहून त्याने जुना करार थेट इब्रीतून लॅटिनमध्ये आणला. त्याचे म्हणणे होते की इब्रीत नसलेले ग्रंथ मंडळीने लोकांच्या उन्नतीसाठी वाचावेत, सिद्धान्त ठरवण्यासाठी वापरू नयेत. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याला हे मान्य नव्हते. मंडळ्या जे वाचत आल्या ते त्याला अधिक वजनदार वाटे. त्याने जेरोमला लिहिलेल्या पत्रातला एक प्रसंग पोथीवाचकांच्या मुद्द्याला अगदी धरून आहे. आजच्या लिबियातल्या त्रिपोली येथे एका बिशपने जेरोमच्या नव्या भाषांतरातून योनाचे पुस्तक वाचायला लावले. योनावर सावली धरणारा वेल लोकांच्या कानांत पिढ्यानपिढ्या भोपळ्याचा होता, आणि नव्या भाषांतरात तो आयव्हीचा निघाला. मंडळीत एवढा गोंधळ झाला की बिशपला लोक गमावण्याची पाळी आली आणि शेवटी त्याने माघार घेतली. एका वेलीसाठी माणसे उठून उभी राहिली, तर पूर्ण ग्रंथ काढणे किंवा घालणे किती अवघड असेल याची कल्पना करावी.

हजारएक वर्षे जेरोमची शंका आणि ऑगस्टिनची वहिवाट एकत्र नांदली. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक ल्यूथर याने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात हे ग्रंथ काढले नाहीत. त्याने ते जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये वेगळे ठेवले आणि वर लिहिले की ते पवित्र शास्त्राच्या बरोबरीचे नाहीत, तरी वाचायला चांगले आणि उपयुक्त आहेत. उत्तर म्हणून ८ एप्रिल १५४६ रोजी कॅथलिकांच्या ट्रेंट येथील परिषदेने त्या सातांसह सर्व पुस्तकांची नावे घेऊन यादी कायम केली. १६११ च्या इंग्रजी राजाज्ञेच्या (किंग जेम्स) बायबलातही हे ग्रंथ मध्ये छापलेले होते. ते प्रॉटेस्टंट प्रतींतून खरोखर नाहीसे होऊ लागले ते फार अलीकडे. लंडनमध्ये १८०४ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीत या ग्रंथांवरून मोठा वाद पेटला आणि १८२६ मध्ये सोसायटीने ठरवले की आपल्या पैशातून ते छापायचे नाहीत. आपल्याकडच्या भाषांतील बायबले याच सोसायटीच्या आणि तिच्यासारख्या संस्थांच्या मदतीने घरोघरी गेली. तुमच्या आईने दिलेल्या प्रतीत ती सात पुस्तके नसण्यामागे जेरोमची शंका जितकी आहे, तितकाच एका मुद्रण-निधीचा हिशोबही आहे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. पोथीवाचकांनी मुरातोरीच्या यादीचे वर्णन केले आहे, पण त्यातले एक नाव त्यांच्याकडून राहिले. ज्या ग्रंथातले वचन तुम्ही शोधत होता, तो शलमोनाच्या नावाचा ज्ञानग्रंथ त्या यादीत आहे, आणि तोही नव्या कराराच्या पुस्तकांच्या रांगेत. अथनेशियसने ३६७ च्या पत्रात तो प्रमाण यादीबाहेर ठेवला, पण श्रद्धेत नव्याने येणाऱ्यांनी वाचावयाच्या पुस्तकांत त्याचे नाव घेतले.

नगरकरीण

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंनाही हे वाचून दाखवले. पोथ्या देणाऱ्या त्या बाईविषयी त्यांनी दोनदा विचारले, तिचे पुढे काय झाले म्हणून. आता एकच शंका उरते. पुस्तकांची यादी ठरली, हे समजले. पण त्या पुस्तकांतला मजकूरही त्याच वेळी ठरला का?

पोथीवाचक

नाही, ती दोन कामे वेगळी आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा ग्रंथ कोणता हा प्रश्न कोणाला पडलेला नव्हता. अनेक प्रतींत शिरलेल्या पाठांतून खरा पाठ कोणता, हा होता. बायबलच्या बाबतीत यादी चौथ्या शतकात बहुतांशी स्थिरावली, पण पाठाचे काम आजही चालू आहे. उदाहरणादाखल आपल्या बायबलात मार्कचा सोळावा अध्याय उघडावा. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान आठव्या वचनावर संपते: स्त्रिया थरथर कापत कबरेपासून पळाल्या आणि भीतीमुळे त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. नऊ ते वीस ही वचने नंतर जोडलेली आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा योहानातला प्रसंगही सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत मिळत नाही. तरीही दोन्ही भाग बहुतेक परंपरा आजही वाचतात, कारण प्रती तपासल्या जाण्याच्या कितीतरी आधी ते लोकांच्या कानांत बसले होते. सिर्ताच्या त्या बाईविषयी टिपणात एवढेच आहे की तिने पोथ्या दिल्यावर घर पुन्हा धुंडाळले गेले आणि आणखी काही सापडले नाही.

वसईकर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. तिसऱ्या अध्यायातली पहिली नऊ वचने २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आमच्याकडे बहुधा वाचली जातात. तुम्हाला सोबत यायचे असेल तर जरूर या.

नगरकरीण

नक्की येईन. नणंदेच्या प्रतीतून ती नऊ वचने मी काल एका कागदावर उतरून घेतली. कागद माझ्या बायबलात ठेवला आहे, जुना करार संपवणारा मलाखी आणि नवा सुरू करणारा मत्तय यांच्या मध्ये.